भोक पाडलेली निगेटिव्ह

धाकटीने आयुष्यात एकच फोटो असा काढला, जो लोकांनी आपणहून विकत घेतला. बाकीचे तिला विकावे लागले. दोन्हींत काय फरक आहे ते ज्याने स्वतःचे फोटो स्वतः भिंतीला टांगलेत आणि त्यांच्याखाली उभं राहून गिऱ्हाइकाची वाट बघितली आहे, त्यालाच विचारा.

पोटापाण्याला तिचा एवढासा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, "हनुवटी जरा वर, हं, हसू नका" या जातीचं काम. त्यातून वेळ उरला की जुना रोलवाला कॅमेरा गळ्यात अडकवून ती मनाजोगे काळे-पांढरे फोटो काढायची, स्टुडिओमागच्या मोरीत काळा पडदा लावून स्वतःच धुवायची, आणि वर्षातून एकदा हॉल भाड्याने घेऊन प्रदर्शन भरवायची. ऐकायला मोठं छान वाटतं. प्रदर्शन म्हणजे काय, तर पायांचे तुकडे पडेपर्यंत उभं राहायचं आणि लोकांचे प्रश्न झेलायचे. हे रंगीत मिळेल का? कोणत्या मोबाइलवर काढलंत? एक बाई तर सोफ्याच्या कापडाचा तुकडाच घेऊन आल्या होत्या, याला जुळेलसं काही दाखवा म्हणून. धाकटीने दाखवलंसुद्धा. दुकानदाराच्या लेकीला गिऱ्हाईक परत पाठवणं जमत नाही.

बाप शिंपी. खाली दुकान, वर घर. दुकानात एक मशीन, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि चिंध्यांचा ढीग. तो खपलेला फोटो या दुकानातलाच. एका दुपारी आईने जेवायला बोलवायला पाठवलं म्हणून धाकटी खाली गेली, तर बाबा मशीनवरच झोपलेले. हात मशीनवर आडवा, त्यावर गाल टेकलेला, गळ्यात टेप, सुईखाली कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट, आणि खिडकीतलं ऊन नेमकं चेहऱ्यावर. तोंड किंचित उघडं. कॅमेरा गळ्यात होताच. तिने श्वास रोखून एकदाच बटण दाबलं आणि मग त्यांना उठवलं.

फोटो धुतल्यावर तिला आणखी एक गोष्ट दिसली. बाबांची बाही खांद्याशी उसवलेली होती. दोन बोटं जातील एवढी शिवण सुटलेली आणि आतला पांढरा बनियन डोकावतोय. अख्ख्या गावाला कपडे शिवणाऱ्या माणसाच्या अंगावर उसवलेला शर्ट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बघणारा आधी चेहरा बघायचा, मग त्या बाहीवर यायचा, आणि मग त्याच्या तोंडावर असं काही हसू उमटायचं की धाकटी समजायची, हा घेणार.

या धंद्यात एक रीत आहे. एका फोटोच्या किती प्रती काढणार ते आधीच जाहीर करायचं आणि प्रत्येक प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहायचं, नवापैकी पहिली, नवापैकी दुसरी. धाकटीने नऊ सांगितल्या होत्या. नऊ म्हणजे नऊ. दहावी काढली की आधीच्या नऊजणांचा विश्वासघात. तिची थोरली बहीण बँकेत होती आणि बँकेतल्या माणसासारखंच बोलायची. ती म्हणायची, तुमच्या धंद्याचं डोकंच उलटं. माल खपायला लागला की दुकान बंद करायचं.

नववी प्रत धाकटीने घरासाठी ठेवली होती. छान फ्रेम करून आणली, खिळा मारायला हातोडीही काढली. पण आईने लावूच दिली नाही. म्हणाली, "जिवंत माणूस रात्रंदिवस घरात घोरतोय. आणखी भिंतीवर कशाला?" सगळे हसले. बाबाही हसले. धाकटीला लागलं, तिने फ्रेम हॉलवर नेऊन टांगली, आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती प्रत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उचलली. त्यांना म्हणे वेटिंग रूममध्ये असंच काहीतरी हवं होतं, बघून माणसाची भीती जाईल असं.

नऊच्या नऊ संपल्या तेव्हा हॉलचे काका पुढे आले. हॉलची सगळी व्यवस्था बघणारे हे गृहस्थ एके काळी स्वतः फोटो काढायचे आणि आता दुसऱ्यांच्या फोटोंवर मतं द्यायचे. त्यांनी सांगितलं की आता जुन्या रीतीप्रमाणे निगेटिव्ह मारून टाकायची. म्हणजे सगळ्यांसमोर तिला भोक पाडायचं. पुन्हा तिच्यावरून धड फोटो निघत नाही आणि विकत घेणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग त्या भोक पडलेल्या निगेटिव्हची एकच प्रत काढायची, पुरावा म्हणून. तिला नंबर नाही, किंमत नाही. धाकटीने विचारलं, भोक कुठे पाडायचं? काका म्हणाले, चेहऱ्यावर, मधोमध, म्हणजे पुढे वाद नको.

तसा एक दिवस ठरला आणि हॉलमध्ये माणसं जमली. बाबा बिचारे हौसेने दुकानातला पंच घेऊन आले होते, पट्ट्याला भोकं पाडायचा. लेकीच्या कार्यक्रमात आपलंही एक हत्यार असावं, एवढाच त्यांचा मतलब. तिने पंच हातात घेतला, निगेटिव्ह दुसऱ्या हातात धरली आणि तशीच उभी राहिली. हात पुढे जाईना. माणसं वाट बघत होती, कुणीतरी खोकलं.

तेव्हा बाबाच उठले. "आण इकडे," ते म्हणाले. "कापायचं काम माझं."

निगेटिव्ह घेऊन ते खिडकीपाशी गेले. लोकांकडे पाठ करून ती उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि सुईत दोरा ओवताना बघायचे तसं बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. हॉलच्या काकांनी घड्याळ बघितलं. मग कट्‌ असा बारीकसा आवाज झाला. बाबांनी निगेटिव्ह काळ्या पाकिटात घातली, पाकीट स्वतःच चिकटवलं आणि लेकीच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन धाकटीने ते पाकीट स्टुडिओतल्या कपाटात वरच्या फळीवर टाकलं. उघडलं नाही. बापाच्या तोंडाला पडलेलं भोक कोणती लेक हौसेने बघेल? पुराव्याची प्रत राहिली ती राहिलीच.

पुढच्या वर्षी बाबा गेले. झोपेतच गेले, कुणाला हाक न मारता. दुकान बंद झालं आणि खालून मशीनचा आवाज यायचा थांबला. तो आवाज घरात एवढा मुरलेला होता की तो नसला की कानात काहीतरी वाजल्यासारखं व्हायचं.

काही दिवस गेले आणि एका सकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तो तुझा फोटो असेल ना एखादा? झोपलेले. लाव मला इथे समोर."

घरात बाबांचे दुसरे फोटो नव्हते असं नाही. पण कॅमेरा दिसला की बाबा ताठ व्हायचे, डोळे मोठे करायचे, पोलिसाने पकडल्यासारखे. त्यातला एक थोरलीने मोठा करून आणला होता. आईने तो बघितला आणि उलटा करून ठेवला. हा कोण माणूस आहे, मी याच्याशी लग्न केलेलं नाही, म्हणाली.

आता धाकटीची पंचाईत झाली. नऊ प्रती नऊ घरांत गेलेल्या आणि दहावी काढायची नाही असा शब्द भर हॉलमध्ये दिलेला. थोरलीला यात अडचण काय तेच कळेना. प्रदर्शनाच्या पत्रकावर छापलाय ना, त्याच्यावरून कॉम्प्युटरवर मोठा कर. कोण येतंय आईच्या स्वयंपाकघरात मोजायला? धाकटी नाही म्हणाली तशी ती भडकलीच.

"बाप आपला, फोटो तुझा, मागणारी आई. आणि तुला त्या नऊ परक्यांची पडलीय?"

"शब्द माझ्या एकटीचा असता तर मोडलाही असता," धाकटी म्हणाली. "पण भोक बाबांनी पाडलंय."

थोरली दार आपटून गेली. धाकटीने नऊजणांपैकी कुणाकडे तरी मागून बघावं असाही विचार केला, पण जीभ रेटेना. दिलेला माल परत मागायचा, ही गोष्ट त्या घरात कुणी केलेली नव्हती. आईने दोघींचं भांडण ऐकलं. भाजी निवडून झाली, टोपली उचलून आत गेली. धाकटीला वाटलं, विषय मिटला. कसला मिटतोय.

दोन आठवड्यांनी आईचा दात दुखायला लागला. मग मंगळवार आला की दुखायचाच. धाकटी म्हणायची मी येते बरोबर, तर आई म्हणायची, दाताला काय सोबत लागते? आणि एकटीच जायची. होता होता एक दिवस डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. त्यांना कसं सांगावं कळत नव्हतं. तुमच्या आईचा दात ठणठणीत आहे, म्हणाल्या. दोनदा तपासला, एकदा उगाच साफही करून दिला. पण त्या तासभर आधी येऊन बसतात, आणि त्यांचा नंबर आला की शेजारच्याला म्हणतात, तुम्ही जा आधी, तुमचा गाल सुजलाय.

धाकटीच्या हातातला फोन हातातच राहिला. दातांच्या डॉक्टरीणबाई. नववी प्रत. आपल्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणून तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

त्या मंगळवारी ती न सांगता दवाखान्यात जाऊन उभी राहिली. वेटिंग रूममध्ये औषधाचा वास, आतून मशीनची घरघर, एक गृहस्थ गालाला रुमाल लावून बसलेले. समोरच्या भिंतीवर बाबा झोपले होते. आणि त्यांच्या बरोबर समोरच्या खुर्चीत आई, पिशवी मांडीवर घेऊन, निवांत. आईने लेकीला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखी हसली. धाकटी शेजारी बसली.

"दात दुखत नाही ना तुझा?"

"नाही," आई म्हणाली.

आतली घरघर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आई हळू आवाजात सांगायला लागली, भिंतीवरची नजर न काढता. दुसऱ्याचे कपडे बाबांनी शिवायचे आणि बाबांचे आईने, असं त्यांच्यात पहिल्यापासून ठरलेलं होतं. स्वतःच्या शर्टाला बाबा सुई लावायचे नाहीत. त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, ते आता तिला आठवतही नव्हतं, असंच काहीतरी फालतू असणार. बाबांनी नेहमीसारखा बाही उसवलेला शर्ट तिच्यापुढे ठेवला आणि तिने तो तसाच त्यांच्या अंगावर फेकला. शिंपी आहात ना, म्हणाली, शिवा स्वतःची स्वतः. बाबांनी तो उचलला. तसाच घालून खाली गेले.

"आणि नेमकी त्या दुपारी तू कॅमेरा घेऊन गेलीस," आई म्हणाली. "संध्याकाळी मी ती बाही शिवली गं. पण फोटोतली कशी शिवणार? नऊ घरांत माझा राग टांगलाय."

घोरण्याचा विनोद करून आईने ती प्रत का परत केली होती, ते आता तिला कळलं, आणि आपण तेव्हा मनात काय काय म्हणालो होतो तेही आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली. मग इथे येऊन तेच का बघत बसतेस, असं तिने विचारलं.

"त्यांना बघायला येते," आई म्हणाली. "बाही दिसते मध्ये. त्याला काय करू."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. भल्या बाई. मायलेकींकडे बघून त्यांना सगळं समजलं असावं. त्यांनी खुर्ची ओढली आणि भिंतीवरून फ्रेम काढायलाच निघाल्या, घेऊन जा म्हणाल्या, पैशांचं नाव काढू नका. आईने उठून त्यांचा हात धरला. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढलेला कपडा परत मागायचा नसतो, असं आमच्या घरात म्हणतात, एवढंच ती बोलली आणि पिशवी उचलून चालू लागली.

आईला घरी सोडून धाकटी तशीच हॉलवर गेली. काकांपुढे तिने सगळं ओतलं आणि म्हणाली, मला त्या शब्दातून सोडवा. एकच प्रत, आईपुरती. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि मान हलवली. शब्दातून सोडवणारा मी कोण, म्हणाले. ते नऊजण सोडवतील तर सोडवतील. पण तुझ्याकडून एक प्रत अजून काढायची राहिलीय, ती नवात धरत नाहीत. पुराव्याची. भोकासकट काढायची, खोडायचं नाही, बुजवायचं नाही.

"पण काका, भोक चेहऱ्यावर आहे."

"बघितलंस?"

धाकटीने नाही म्हणून मान हलवली.

"मीही नाही बघितलं," काका म्हणाले. "आणि काढलेली प्रत कपाटात ठेवलीस की भिंतीवर, ते बघायला मी काही येणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्टुडिओचं दार लावलं, वरच्या फळीवरून पाकीट काढलं आणि मोरीत जाऊन काळा पडदा ओढला. पाकिटाची कड बाबांनी एवढी नीट चिकटवली होती की फाडताना जिवावर आलं. निगेटिव्ह फोटो मोठा करायच्या यंत्रात सरकवली, दिवा लावला आणि मनाचा हिय्या करून खाली पडलेलं चित्र पाहिलं. चेहरा अख्खा होता. कपाळ, डोळा, नाक, उघडं तोंड, सगळं जिथल्या तिथे. भोकाचा पांढरा उजेड भलतीकडेच, बाजूला कुठेतरी पडत होता. धाकटी स्टुलावर बसली आणि रडली. म्हातारपणी नजर कमी झालेली, म्हणून नेम चुकला असेल, तिच्या मनात आलं, आणि त्या चुकलेल्या नेमाचे तिने मनोमन आभार मानले.

मग डोळे पुसून कागद लावला, उजेड दिला आणि कागद औषधाच्या ट्रेमध्ये बुडवला. तांबड्या दिव्याखाली आधी भोकाचा ठिपकाच उमटला, उजेड जास्त तिथे कागद काळा होतो म्हणून काळाभोर, वाटोळा, ओल्या कागदावर एकटाच. मग हळूहळू त्याच्याभोवती बाबा यायला लागले. टेप आला, मशीन आलं, गाल आला. खांदा आला, आणि धाकटी ट्रे हलवायची थांबली.

ठिपका बरोबर बाहीवर होता. उसवलेल्या जागेवर, ना इकडे ना तिकडे. सुटलेली शिवण, आतला पांढरा बनियन, सगळं त्याच्याखाली झाकून गेलेलं. शर्टाला एक काळं बटण लावावं तसा तो तिथे बसला होता.

नेम चुकला म्हणे. उभ्या आयुष्यात ज्या माणसाची कात्री रेघ सोडून गेली नाही, त्याचा नेम चुकेल? सगळे टाळ्या वाजवायला ताटकळले होते आणि तो खिडकीपाशी पाठ करून उभा राहून, नखाएवढ्या उलट्या चित्रात बायकोने न शिवलेली शिवण शोधत होता. घोरण्याच्या विनोदाला सगळे हसले होते. तो विनोद कशासाठी केलाय हे घरात एकालाच कळलं होतं, आणि तोही हसला होता.

प्रत वाळली तशी धाकटी ती फ्रेमसुद्धा न करता घेऊन गेली. आई ओट्याशी होती. धाकटीने फोटो टेबलावर ठेवला. आईने हात पुसले, चष्मा लावला. आधी चेहरा बघितला, अगदी पोटभर. मग सवयीने तिची नजर खांद्याकडे गेली आणि तिथेच थांबली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. ठिपक्यावर बोट ठेवलं, नखाने जरासं खरवडूनही बघितलं, वर चिकटलेलं काही आहे का म्हणून.

"हे तू केलंस?"

"बाबांनी," धाकटी म्हणाली. "त्या दिवशी हॉलमध्ये. त्यांनीच जागा शोधली."

आई खुर्ची ओढून बसली. फोटो तिने जवळ ओढला आणि तळहाताने त्या खांद्यावरून हात फिरवला, इस्त्री केल्यावर कपड्यावरून फिरवावा तसा. बाबा गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती. आता तिचे डोळे भरून वाहायला लागले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"मी म्हणाले होते ना," ती फोटोलाच म्हणाली, "शिवा स्वतःची स्वतः. शिवलीत की हो."